मापात पाप, आणि वेळेवर न सोडलेली एक लाइन

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जे जसं आलं ते बऱ्यापैकी तसंच ठेवलंय. फंक्शनांची नावं आपल्या नेहमीच्या पद्धतीने देवनागरीत आहेत.)

आज पाहुणे कुणी नाहीत, मी एकटीच आहे. गेल्या काही भागांनंतर बऱ्याच जणांचे मेसेज आले, की ताई, तुम्ही "कर्नलमध्ये काम करते" असं म्हणता, म्हणजे नेमकं करता काय? खरं सांगू का, माझ्या आईलाही हे अजून नीट कळलेलं नाही. ती शेजारी "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगते. म्हणून आज ठरवलं, की एकच छोटी गोष्ट घ्यायची आणि ती पूर्ण सांगायची. गोष्ट माझ्या चुकीची आहे. त्या चुकीमुळे एका मुलाची नोकरी जायची वेळ आली होती.

पण त्याआधी थोडी तयारी लागेल. पाच-सात मिनिटं धीर धरा.

बोट टेकवलं की काय होतं?

आत्ता हा भाग सुरू करायला तुम्ही स्क्रीनवर बोट टेकवलंत. त्या क्षणी तुमच्या फोनचा प्रोसेसर काय करत होता? बहुतेक झोपला होता. प्रोसेसर सारखा जागा राहिला तर बॅटरी दुपारपर्यंत संपेल. मग त्याला कळलं कसं की बोट टेकवलं?

दोन पद्धती असतात. समजा तुम्ही कुकर लावलाय. एक पद्धत अशी, की ओट्यापाशी उभं राहायचं आणि दर दोन सेकंदांनी बघायचं, झाला का, झाला का. भात नीट होईल, पण दुसरं एकही काम होणार नाही. याला आमच्यात पोलिंग म्हणतात. दुसरी पद्धत आपण सगळेच वापरतो. कुकर लावायचा, बाहेर येऊन पेपर वाचायचा, आणि शिट्टी झाली की उठायचं. ही शिट्टी म्हणजे इंटरप्ट.

फोनमध्ये टचची वेगळी चिप असते. बोट लागलं की ती एका तारेवरची पातळी बदलते. प्रोसेसर हातातलं काम जिथल्या तिथे ठेवतो, कुठे होतो त्याची खूण करतो, आणि त्या शिट्टीसाठी नेमलेलं फंक्शन चालवतो. या फंक्शनला हँडलर म्हणतात. काम झालं की परत खुणेच्या जागी.

आता एक नियम नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल. शिट्टी झाल्यावर तुम्ही आत जाता, गॅस बारीक करता आणि लगेच बाहेर येता. तिथेच उभं राहून वरणाला फोडणी द्यायला लागलात तर दारावरची बेल कोण ऐकणार? हँडलरचंही तसंच. तातडीचं तेवढं करायचं आणि निघायचं. हँडलरमध्ये झोपायचं नाही, म्हणजे कशाचीही वाट बघत थांबायचं नाही. मोठं काम असेल तर ते नंतरसाठी वेगळ्या थ्रेडकडे सोपवायचं. तुमच्या टच चिपशी बोलायला बऱ्याच फोनांत दोन तारांची एक सावकाश बस असते. तिच्यावरून बोट नेमकं कुठे टेकलं ते वाचायला वेळ लागतो. म्हणून ते वाचन सहसा हँडलरमध्ये करत नाहीत, त्याच्या थ्रेडमध्ये करतात. लिनक्समध्ये ही थ्रेडवाली सोय २००९ साली, २.६.३० या आवृत्तीत आली. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे, त्यामुळे हे सगळं आत्ता तुमच्या खिशात चाललंय.

तारा मोजक्याच

मग अडचण काय? अडचण अशी, की शिट्ट्या वाजवणारे खूप असतात आणि तारा मोजक्या असतात.

१९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला. त्यात इंटेलची ८२५९ नावाची एक चिप होती आणि तिला इंटरप्टच्या आठ तारा होत्या. म्हणजे अख्ख्या कॉम्प्युटरला आठच शिट्ट्या. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये अशा दोन चिपा बसवल्या. आठ दुणे सोळा, पण दुसरी चिप पहिलीला जोडण्यात एक तार खर्ची पडली. उरल्या पंधरा. त्यातली शून्य नंबरची टायमरची, एक नंबरची कीबोर्डची, सहा नंबरची फ्लॉपीची, चौदा नंबरची हार्डडिस्कची. राहिलेल्यांत प्रिंटर, माऊस, साउंडकार्ड, मोडेम यांनी आपापसात बघून घ्यायचं.

तुमच्यापैकी कुणाचे दादा किंवा काका नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर जुळवायचं काम करत असतील तर त्यांना विचारा. कार्डावर जंपर नावाची इवलीशी टोपी असायची. ती या खुंटीवरून त्या खुंटीवर बसवून कुठलं कार्ड कुठली तार वापरणार ते ठरवावं लागायचं. साउंडकार्ड आणि प्रिंटर पोर्ट दोघांनाही सात नंबर दिला की भांडण सुरू. गेमचा आवाज अडकायचा, नाहीतर सगळंच गोठायचं. त्या काळच्या कार्डांना एक तार दोघांत वाटून घेणं सहसा जमत नसे.

पुढे पीसीआयची कार्डं आली. त्यांच्यात तार वाटून घेता येईल अशी रचना मुळातच केलेली होती. एका तारेवर दोघं-तिघं. आणि मग सॉफ्टवेअरवर नवीन जबाबदारी आली: शिट्टी वाजली खरी, पण कुणाची?

पीपी नंबर

हे समजायला मला आमच्या आजोबांच्या डायरीचा उपयोग होतो. त्या डायरीत निम्म्या फोन नंबरांपुढे कंसात "पीपी" लिहिलेलं आहे. लहान असताना मला वाटायचं, एवढ्या लोकांचं आडनाव पीपी कसं? मग कळलं, की तेव्हा घरोघरी फोन नव्हते. चाळीत एकाकडे असायचा, नाहीतर कोपऱ्यावरच्या वाण्याकडे. बाकीचे सगळे तोच नंबर देऊन ठेवायचे. फोन आला की वाणी हाक मारणार, "अहो जोशी, फोन!"

आता यात थोडा बदल करू. समजा फोन वाजतोय, पण कुणासाठी ते वाण्याला कळत नाही. त्याच्याकडे फक्त एक यादी आहे, कुणी कुणी आपला नंबर दिलाय त्याची. मग तो यादीच्या क्रमाने हाका मारत जातो. "जोशी, तुमचा का?" "नाही." "पवार, तुमचा का?" "हो, माझा."

लिनक्स कर्नल वाटून घेतलेल्या तारेवर अगदी हेच करतो. ज्या क्रमाने नाव नोंदवलं त्या क्रमाने प्रत्येक हँडलरला बोलावतो. प्रत्येकाने आपापल्या उपकरणाला विचारायचं, "बाबा, तू हाक मारलीस का?" नाही म्हणाला तर आयआरक्यू_नन असं उत्तर द्यायचं, हो म्हणाला तर काम करून आयआरक्यू_हँडल्ड. पुढच्यांना तरीही विचारलं जातं, कारण एकाच वेळी दोघांनी हाक मारलेली असू शकते.

नाव नोंदवण्याचं फंक्शन आहे रिक्वेस्ट_आयआरक्यू. त्यात सांगायचं, मला अमुक नंबरची लाइन हवी, हाक आली की हे फंक्शन बोलवा, मी ती वाटून घ्यायला तयार आहे, आणि माझी ओळख ही. ही ओळख फार महत्त्वाची. एका लाइनवर तिघं असतील तर नाव काढताना नेमकं कुणाचं काढायचं, ते त्या ओळखीवरूनच कळतं. वाटून घ्यायला सगळ्यांची तयारी लागते, बरं का. आधी बसलेला "मी एकटाच" म्हणून बसला असेल तर तुम्हाला उत्तर येतं, जागा भरली आहे.

नाव काढण्याचं फंक्शन आहे फ्री_आयआरक्यू. ते जरा शिस्तीचं आहे. तुमचा हँडलर त्या क्षणी दुसऱ्या कोअरवर चालू असेल तर तो संपेपर्यंत ते थांबतं. ते परत आलं की खात्री बाळगायची, आता तुम्हाला कुणी हाक मारणार नाही.

आणि फोन सारखा वाजतोय, पण सगळेच "माझा नाही" म्हणतायत, असं झालं तर? कर्नल मोजतो. एक लाख हाकांपैकी ९९,९०० हून जास्त कुणीच घेतल्या नाहीत, तर तो लॉगमध्ये "नोबडी केअर्ड" असं लिहितो आणि ती लाइनच बंद करतो. कुणालाच पर्वा नाही! मी पहिल्यांदा तो मेसेज वाचला तेव्हा मोठ्याने हसले होते. पण लाइन बंद झाली की तिच्यावरच्या सगळ्यांची पंचाईत होते, त्यात ज्याची काहीच चूक नाही तोही आला.

आता विचार करा. जोशी खोली सोडून गेले, सामान नेलं, पण वाण्याच्या यादीत नाव तसंच राहिलं. हाक आली. वाण्याचा पोऱ्या जोशींच्या खोलीत शिरला. आत आता दुसरंच बिऱ्हाड आहे. त्याला ते माहीत नाही. तो नेहमीप्रमाणे कोनाड्यातली पाटी उचलतो, त्यावरचं पुसतो आणि नवीन निरोप लिहितो. ती पाटी आता दुसऱ्याची आहे.

माझी चूक नेमकी हीच होती.

दुधाचं केंद्र

पाचेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी पुण्यात एका छोट्या कंपनीत होते. आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी एक यंत्र बनवत होतो. गावात सकाळ-संध्याकाळ लोक डेअरीला दूध घालायला येतात ना, तिथे ठेवायचं. एका बाजूला वजनकाटा, दुसऱ्या बाजूला फॅट आणि एसएनएफ मोजणारं कार्ड, मध्ये लिनक्सवर चालणारा छोटा बोर्ड. कॅन काट्यावर ठेवला, नमुना लावला, की पावती छापून येते: इतके लिटर, इतकी फॅट, इतका दर, इतके रुपये. त्या पावत्यांवर दहा दिवसांचं बिल निघतं. ज्याच्या घरी दोन म्हशी आहेत त्याचा महिन्याचा किराणा त्या बिलावर असतो.

बोर्डवर पिना कमी होत्या. हार्डवेअरवाल्यांनी एक पिन वाचवली, काटा आणि फॅटचं कार्ड दोघांना एकच इंटरप्ट लाइन दिली. यात चूक काही नाही, असं सर्रास करतात. काट्याचा ड्रायव्हर आमच्या एका सिनियरने लिहिलेला. फॅटच्या कार्डाचा मी. कर्नलमधला माझा पहिलाच ड्रायव्हर होता तो. मला केवढा अभिमान होता सांगू.

सांगली जिल्ह्यातल्या एका केंद्रावरून तक्रार आली. मधूनच एखाद्या पावतीवर दूध शून्य लिटर येतं. फॅट बरोबर, दूध शून्य. केंद्रावर बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा ऑपरेटर होता. शून्य आलं की तो काट्याच्या लाल आकड्यांवरून वजन वाचायचा आणि हाताने नोंद करायचा. त्यामुळे शेतकऱ्याचं नुकसान झालं नाही. पण हाताने केलेल्या नोंदीपुढे पावतीवर चांदणी छापून येते, आणि महिन्याच्या हिशेबात तिची संख्या येते. बाकीच्या केंद्रांवर एखादी, या केंद्रावर अकरा.

मी त्याला फोन केला होता. तो म्हणाला, "मॅडम, मशीन धुतलं की मगच होतंय बघा ह्ये. आधी न्हाई होत."

मी ते टिपूनही ठेवलं नाही. धुण्याचा आणि वजनाचा काय संबंध? पंप फॅटच्या कार्डाचा, वजन काट्याचं. माझ्या टेबलावर यंत्र तीन दिवस चाललं, एकदाही शून्य आलं नाही. मी तिकिटावर लिहिलं, "वजन स्थिर होण्याआधी ऑपरेटर बटण दाबत असावा", आणि तिकीट बंद केलं. "असावा" हा शब्द पुढे गेलेल्या ईमेलमध्ये गळून पडला.

दोन आठवड्यांनी आमच्या फिरतीवरच्या माणसाने सहज सांगितलं, की त्या डेअरीत बैठक झाली. गावात बोलणं सुरू झालं होतं, की हा मुलगा हाताने आकडे टाकतो म्हणजे काहीतरी गडबड आहे. मापात पाप. गावात दुधाच्या मापावरून एकदा नाव खराब झालं की ते धुऊन निघत नाही. सचिवांनी त्याला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. आणि पुरावा म्हणून काय दाखवलं? कंपनीचं ईमेल. म्हणजे माझं.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

धुतलं की मगच

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा त्याचं वाक्य खरं मानून कामाला लागले. धुतलं की मगच. मग धुताना काय होतं?

फॅटच्या कार्डाच्या नळ्यांत दुधाचा थर बसतो, म्हणून ती धुवावी लागतात. बहुतेक ऑपरेटर संकलन संपल्यावर एकदा धुतात. हा मुलगा दर पंचवीस-तीस कॅननंतर धुवायचा, कारण नाहीतर फॅट चुकीची लागते आणि लोकांचे पैसे जातात. तो धुवायचा, आणि तेवढ्यात पुढच्याचं वजन घेऊन ठेवायचा, रांग थांबू नये म्हणून. म्हणजे सगळ्यांत मन लावून काम करणारा जो, त्याच्याकडेच हे होत होतं.

आणि धुताना सॉफ्टवेअरमध्ये काय होत होतं? कार्ड पूर्ण रीसेट करायचा सोपा उपाय म्हणून आम्ही माझा ड्रायव्हरच काढून पुन्हा घालत होतो. म्हणजे बिऱ्हाड सोडायचं आणि परत यायचं. दिवसातून अनेकदा.

आता माझं बिऱ्हाड सोडणं बघा. लिनक्समध्ये २००७ पासून एक सोय आहे. डेव्हएम_ असं ज्यांच्या नावाच्या सुरुवातीला असतं, त्या फंक्शनांनी घेतलेल्या वस्तू कर्नल स्वतःच परत करतो. ड्रायव्हर निघाला की मागून पुढे, उलट्या क्रमाने. शेवटी घेतलं ते आधी परत. फार छान सोय आहे, विसरायची भीती नाही. मी इंटरप्टची लाइन डेव्हएम_रिक्वेस्ट_आयआरक्यूने घेतली होती. पण मेमरीतला एक छोटा बफर मात्र जुन्या पद्धतीने घेतला होता, हाताने घ्यायचा, हाताने सोडायचा. तो मी रिमूव्ह फंक्शनमध्ये सोडत होते.

क्रम लावून बघा. रिमूव्ह सुरू झालं. मी कार्डाला थांबायला सांगितलं. बफर सोडला. मग पंप पूर्ण थांबावा म्हणून अर्धा सेकंद वाट बघत बसले. ही वाट मी नंतर शेवटी जोडली होती, कुठे जोडतोय याचा विचार न करता. मग रिमूव्ह संपलं. आणि रिमूव्ह संपल्यावर कर्नलने माझं नाव लाइनच्या यादीतून काढलं.

म्हणजे अर्धा सेकंद असा होता, की सामान नेलेलं आहे आणि नाव यादीत आहे.

"पण ताई, कार्ड तर थांबवलं होतं, मग हाक कोण मारणार?" हाच प्रश्न मीही स्वतःला विचारून निवांत झाले होते. उत्तर: काटा! लाइन वाटलेली आहे. माझं कार्ड गप्प असलं तरी काट्याच्या प्रत्येक हाकेला मलाही विचारलं जातं.

आता त्या अर्ध्या सेकंदात कुणीतरी कॅन ठेवला. काट्याने हाक मारली. यादीत पहिला काट्याचा हँडलर. त्याने वजनाची नोंद ठेवायला मेमरीचा एक तुकडा मागितला. कर्नलची मेमरी वाटायची पद्धत अशी, की एका मापाचे तुकडे एकत्र असतात, आणि नुकताच परत आलेला तुकडा सहसा सगळ्यात आधी पुन्हा दिला जातो. आमच्या दोघांचं माप एकच होतं, चौसष्ट बाइट. म्हणजे माझी जुनी खोली त्याला मिळाली. त्याने तिथे लिहिलं, ८.४. मग यादीत दुसरी मी. माझा हँडलर आला आणि पहिल्याच ओळीत, हाक माझी आहे की नाही हे विचारायच्याही आधी, त्याने नवीन मोजणीसाठी म्हणून त्याच जागी शून्य लिहिलं.

पावती छापून आली: शून्य लिटर.

माझ्या टेबलावर हे का दिसलं नाही? कारण मी यंत्र धूत नव्हते. माझ्याकडे दूध नव्हतं.

पकडायचं कसं

नुसता अंदाज पुरेसा नव्हता, पुरावा हवा होता. एकदा नाही का, "असावा" लिहून बसले होते!

कर्नलमध्ये अशा चुकांसाठी दोन सापळे आहेत, आणि दोन्ही मला तेव्हा माहीत झाले. पहिला, सोडलेल्या मेमरीत मुद्दाम एक ठरलेला आकडा भरून ठेवायचा. हेक्समध्ये तो सहा-बी आहे. तो तुकडा पुढे कुणाला देताना कर्नल तपासतो, आकडा जसाच्या तसा आहे ना? नसेल तर मधल्या काळात कुणीतरी रिकाम्या खोलीत शिरलं होतं. दुसरा सापळा खास वाटलेल्या लाइनींसाठी आहे, कॉन्फिग_डीबग_शर्क. तो चालू केला, की वाटलेल्या लाइनीवरून नाव काढताना कर्नल तुमच्या हँडलरला मुद्दाम एकदा खोटी हाक मारतो. म्हणतो, वाटलेली लाइन आहे, अशा वेळी हाक येऊ शकते, तुझी तयारी आहे का बघू.

दोन्ही चालू केले आणि ड्रायव्हर काढला. पहिल्याच वेळी लॉगमध्ये आलं, "पॉयझन ओव्हररिटन". खाली सहा-बी, सहा-बी, सहा-बीची रांग, आणि मध्ये चार शून्यं. माझी शून्यं.

सिनियर मागे येऊन उभे होते. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं आणि एवढंच म्हणाले, "चला, सापडलं. आता आधी त्या पोराला फोन कर, मग कोड दुरुस्त कर."

दुरुस्ती

दुरुस्ती किती ओळींची होती सांगू? पाच. बफरही डेव्हएम_ने घेतला, आणि इंटरप्टच्या आधी घेतला. म्हणजे उलट्या क्रमाने परत करताना आधी यादीतलं नाव निघतं, मग खोली सोडली जाते. आणि हँडलरची पहिली ओळ बदलली. आधी कार्डाला विचार, हाक तुझी का? नसेल तर कशालाही हात न लावता आयआरक्यू_नन म्हणून परत ये.

ज्यांना या कामात यायचंय त्यांनी यातलं चार गोष्टी वहीत लिहून ठेवा.

एक. येताना इंटरप्ट शेवटी मागा. रिक्वेस्ट_आयआरक्यू म्हटल्याच्या पुढच्या क्षणी हाक येऊ शकते. तेव्हा बफर, लॉक, सगळं आधी मांडून तयार पाहिजे.

दोन. जाताना आधी उपकरणाचं तोंड बंद करा, लगेच लाइन सोडा, मग मागे राहिलेली टायमरची आणि थ्रेडची कामं थांबवा, आणि सगळ्यात शेवटी मेमरी सोडा. जाण्याचा क्रम येण्याच्या बरोबर उलटा.

तीन. डेव्हएम_ आणि हाताने सोडणं यांची मिसळ करायची असेल तर कागदावर क्रम लिहून बघा. हाताने सोडलेलं आधी जातं, डेव्हएम_चं नंतर. इंटरप्ट डेव्हएम_चा आणि त्याला लागणारी वस्तू हाताची, असं असेल तर मध्ये फट आहे. ती फट दिसली नाही तरी असते.

चार. लाइन वाटलेली असेल तर "माझं उपकरण बंद आहे, मला हाक येणार नाही" असं कधीही समजू नका.

आता कुणी म्हणेल, ताई, हे तारा वाटून घेणं जुनं झालं ना? काही अंशी खरं आहे. नव्या कॉम्प्युटरांत कार्डं तार ओढतच नाहीत, मेमरीच्या एका ठरलेल्या पत्त्यावर संदेश लिहितात. त्याला एमएसआय म्हणतात. त्याच्या पुढच्या रूपात, एमएसआय-एक्समध्ये, एका उपकरणाला २,०४८ पर्यंत वेगळ्या हाका मागता येतात. एनव्हीएमई डिस्क प्रत्येक कोअरसाठी वेगळी रांग आणि तिची वेगळी हाक ठेवू शकते. पण म्हणून सगळं मुबलक झालं असं नाही. इंटेलच्या जातीच्या प्रोसेसरवर प्रत्येक कोअरला २५६ जागा असतात, त्यातल्या पहिल्या ३२ प्रोसेसर स्वतःच्या अडचणींसाठी राखून ठेवतो. म्हणून ड्रायव्हरने मागतानाच सांगायचं असतं, मला कमीत कमी इतक्या आणि जास्तीत जास्त इतक्या द्या. मिळाल्या तेवढ्यात भागवायचं. आणि छोट्या बोर्डांवर, फोनमध्ये, मीटरमध्ये, दुधाच्या यंत्रात तारा आजही आहेत आणि वाटूनही घेतल्या जातात.

पुढे काय झालं

मी त्या मुलाला फोन केला. सगळं सांगितलं, म्हणजे पीपी नंबरसकट. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजे माजं चुकलं न्हवतं न्हवं?"

मी म्हटलं, "नाही. माझं चुकलं होतं. आणि तुम्ही पहिल्याच फोनला बरोबर सांगितलं होतं."

मग मी कंपनीला सांगितलं, की लेखी पत्र द्यायचं. वरून थोडी कुरकुर झाली. सॉफ्टवेअर अपडेट पाठवू, पत्र कशाला, असं. पण सिनियर माझ्या बाजूने उभे राहिले. पत्रात लिहिलं, की त्या अकरा नोंदी आमच्या सॉफ्टवेअरच्या दोषामुळे हाताने कराव्या लागल्या, आणि ऑपरेटरने त्या केल्या नसत्या तर शेतकऱ्यांचं नुकसान झालं असतं. अपडेट घेऊन मी स्वतः गेले. पहाटे साडेपाचला केंद्रावर पोचले. पत्र सचिवांच्या हातात दिलं, त्यांनी ते तिथेच रांगेतल्या लोकांना वाचून दाखवलं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आरं, म्हंजे पोरगं खरं बोलत हुतं." बस, एवढंच. पुढचा कॅन काट्यावर चढला.

त्याने मला चहा पाजला. खास दुधाचा, पाणी न घातलेला. मी त्याच्यासमोर यंत्र पाच वेळा धुतलं आणि धुताना पाच कॅन तोलले. पाचही पावत्या बरोबर आल्या.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. कुठलंही तिकीट बंद करताना मी पहिल्या फोनवरचं समोरच्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत लिहून ठेवते. त्याच्याकडे माझा कोड नसतो, पण माझ्याकडे त्याची सकाळ नसते.

जाता जाता थोडा गृहपाठ. कुणाकडे लिनक्सचा लॅपटॉप असेल तर टर्मिनल उघडा आणि प्रॉक फोल्डरमधली इंटरप्ट्स नावाची फाइल कॅट कमांडने बघा. प्रत्येक ओळ म्हणजे एक लाइन, प्रत्येक कोअरला किती हाका आल्या त्याचे आकडे, आणि शेवटी कुणी नाव नोंदवलंय ते. एखाद्या ओळीच्या शेवटी स्वल्पविराम देऊन दोन नावं दिसली, तर समजा, तिथे पीपी नंबर चालू आहे. मग माऊस हलवा किंवा टचपॅडवर बोट फिरवा आणि फाइल पुन्हा बघा. कुठला आकडा वाढला ते मला मेसेज करून कळवा.

आणि तुमच्याही कामात असा एखादा प्रसंग असेल, की समोरचा बरोबर सांगत होता आणि तुम्ही ऐकलं नाही, तर तोही पाठवा. आवाजात पाठवलात तर आणखी छान. पुढच्या भागात त्यातले काही ऐकवू.

चला, बोटाने थांबवा आता मला. त्यासाठीही एक इंटरप्ट लागेलच. भेटू पुढच्या आठवड्यात!